शेवटच्या पाण्याचा हौद

आमच्या लाँड्रीत दोन खोल्या आहेत आणि मध्ये एक भिंत. अलीकडच्या खोलीत माझं राज्य: धुण्याची यंत्रं, पिळणीचं यंत्र आणि कोपऱ्यात कमरेइतका खोल, सिमेंटचा लांबलचक हौद. पलीकडे भावजींचं राज्य: वाफेच्या इस्त्र्या, चादरी दाबून काढणारा मोठा रोलर आणि घड्या घालायचं टेबल. भिंतीला मधोमध झडपेची खिडकी आहे. पिळलेल्या चादरी तिच्यातून पलीकडे जातात. तीन उन्हाळे झाले, त्या खिडकीतून चादरींशिवाय काही गेलं नव्हतं. शब्द तर नाहीच नाही.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते पाचवीत होते. एवढ्याशा पोराला 'भावजी' आणि 'अहो' म्हणताना मला हसू फुटायचं. ते मात्र फौजदारासारखा चेहरा करून तो मान घ्यायचे. सासूबाई दिवसभर इथे, धुण्याच्या खोलीत असायच्या, त्यामुळे घरी मीच. शाळा सुटली की भावजी दप्तर दारातच फेकायचे, स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकायचे आणि विचारायचे, "वहिनी, खायला काय आहे?" रोज. शेजारी आग लागली असती तरी आधी हा प्रश्न विचारला असता आणि मग आग बघायला गेले असते.

पुढे ते धंद्यात आले, लग्न झालं, आणि नाकावर राग घेऊन फिरायला लागले. दिवसभर वाफेत उभ्या राहणाऱ्या माणसाचं डोकं थंड कसं राहणार, असं आमचे हे म्हणतात. हे टेम्पोतून माल आणतात, पोचवतात आणि दोन्ही खोल्यांशी गोड बोलून दिवस काढतात. या घरात गोड बोलण्याचं खातं पहिल्यापासून यांच्याकडेच आहे.

आता अबोल्याचं कारण. एका हॉटेलचा टेबलावर घालायचा पांढरा कपडा भाजला. बरोबर मधोमध इस्त्रीचा तपकिरी ठसा. हॉटेलवाला आला तेव्हा भावजी म्हणाले, "आमच्याकडे आला तेव्हाच तो तसा होता." मी तिथेच उभी होते. मी म्हटलं, "नाही, आमच्याकडेच भाजला." झालं. भावजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आत गेले आणि झडप खाली ओढली. मी खरं बोलले होते आणि उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच बोलेन. पण चार लोकांदेखत बोलले, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. मला वाटलं, आठ-पंधरा दिवस फुगतील आणि येतील ताळ्यावर. भावजींचा राग मात्र पक्क्या रंगाचा निघाला, कितीही पाण्यातून काढा, फिका म्हणून पडायचा नाही.

तेव्हापासून आमचं बोलणं चालायचं ते असं. भावजी त्यांच्या खोलीत छताकडे बघून म्हणायचे, "सांगा कुणीतरी त्या बाजूला, चादरी ओल्याच येतायत." मी माझ्या खोलीत नळाकडे बघून म्हणायचे, "सांगा कुणीतरी त्या बाजूला, पिळणीचा पट्टा सैल झालाय." आणि मध्ये ये-जा करायची ती घड्या घालणारी बाई. तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती सकाळी सुरू होते ती संध्याकाळी घरी गेल्यावरच बंद होते. खरं तर झडप काही पोलादाची नाही, दोघांनाही सगळं ऐकू जायचं. पण रेडिओने निरोप आणून दिल्याशिवाय आम्ही उत्तर देत नसू. शिस्त म्हणजे शिस्त.

प्यायच्या पाण्याचं पिंप माझ्या खोलीत आहे. भावजी अर्थातच माझ्या खोलीत पाय ठेवत नसत. त्यांची बाटली रेडिओ भरून न्यायची, दिवसातून कितीतरी वेळा. हे कुणी कधी ठरवलं नव्हतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पुढे सगळं यावरच आलं.

हौदाबद्दलही सांगायला हवं. कपडा साबणातून निघाला, दोन पाण्यांतून गेला की सगळ्यात शेवटी या हौदात बुडवायचा. पाणी जमिनीखालच्या टाकीतून येतं, भर उन्हाळ्यातही गारेगार. या हौदात हात धुवायचा नाही, बोट बुडवायचं नाही, वरून वाकून बघायचंसुद्धा नाही, हा सासूबाईंचा नियम. त्यांच्यामागे तो मी चालवला, जरा जास्तच कडक. धुणारे दोघे जण मला घाबरत नाहीत, पण हौदाला वळसा घालून जातात.

तर त्या दिवशी उकाडा असा होता की सकाळीच भिंती तापल्या होत्या. इस्पितळाच्या चादरींचा ढीग पडला होता आणि संध्याकाळपर्यंत माल पोचवायचा होता. पलीकडच्या खोलीतला हवा बाहेर फेकणारा पंखा आदल्या दिवशीच बंद पडला होता. मिस्त्रीला बोलवू का, असं यांनी विचारलं तर भावजी वसकन अंगावर आले, "आधी माल जाऊ दे, मग काय तो पंखा बघ." आणि रेडिओने नेमकी त्याच दिवशी सुट्टी घेतली होती, तिच्या बहिणीचं घर बदलायचं होतं. मी मनात म्हटलं, चला, एक दिवस शांतता.

बाटली कुणी भरली नाही.

दुपारच्या सुमारास हे माझ्या खोलीत आले ते चेहरा उजळलेला. "ऐकलंस का? तो मला म्हणाला, दादा, तू दमलास, जरा बस."

"कोण म्हणालं?"

"अगं, कोण म्हणजे? आपला धाकटा."

धुणाऱ्यांपैकी एक जण चादरींची गाठोडी पलीकडे ठेवून आला होता. तो म्हणाला, "मला शाब्बास म्हणाले."

"शाब्बास? कशाबद्दल?"

"काय माहीत. मी नुसता उभा होतो."

आम्ही हसलो. मग खिडकीतून एक चादर परत आली, झडपेखालून सरकवलेली. इस्त्री केली नव्हती, घडीही तिरकी, पोरांनी घातल्यासारखी. भावजींच्या हातची तिरकी घडी मी जन्मात पाहिली नव्हती. मी ती उलगडून हाताने सरळ करायला लागले तर हे म्हणाले, "असू दे गं. आज त्याला काही बोलू नकोस. कधी नव्हे तो खुशीत आहे." मी म्हटलं, मी कशाला बोलतेय, मी तर तीन वर्षांत बोलले नाही.

तेवढ्यात झडप वर गेली.

भावजी खिडकीत उभे होते. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, शर्ट अंगाला. आणि हसत होते. माझ्याकडे बघून हसत होते. भिंतीला कोपर टेकून, मान तिरकी करून म्हणाले, "वहिनी, खायला काय आहे?"

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. इतक्या दिवसांचा राग, इतक्या निरोपांचा कंटाळा, सगळं एका प्रश्नात धुऊन निघालं. मी म्हटलं, "आहे की. थांबा, आणते."

"लवकर हं," ते म्हणाले, "मला खेळायला जायचंय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. जुनी आठवण काढून समेट करायची ही त्यांची तऱ्हा असेल, सरळ माफी मागतील तर ते भावजी कसले. हेही हसत होते, धुणारे दोघेही हसत होते. रागीट माणूस अचानक गोड वागतोय, तर त्याला काही झालं असेल, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. आम्हाला वाटलं, अखेर निवळला.

मी डबा काढला. झाकणात थोडं थोडं वाढलं, हात पुसले, डोळेही पुसले. खिडकीपाशी आले तर खिडकीत कुणी नव्हतं. पलीकडे रोलर चालू होता आणि त्याच्यात एक चादर आडवी अडकून फडफडत होती. मग मला टेबलाच्या पायापाशी भावजींचा पाय दिसला, चपलेसकट.

पुढचं सगळं घाईघाईचं आहे. यांनी रोलर बंद केला. मी दारातून पलीकडे धावले, तीन उन्हाळ्यांत पहिल्यांदाच. भावजी अर्धवट शुद्धीत होते, डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हते. तोंडाने पुटपुटत होते. मी कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ताप मी खूप पाहिलाय, हा ताप नव्हता, रोलरमधून नुकत्याच निघालेल्या कपड्यासारखं अंग भाजत होतं.

आम्ही कोण? लाँड्रीवाले. आम्हाला सुचलं तेही तसलंच. त्यांना उचलून माझ्या खोलीत आणलं, ओल्या चादरी घेतल्या आणि नीट गुंडाळल्या, डोक्यापासून पायापर्यंत, एकीवर एक, कडा आत दुमडून. बघता बघता सगळ्यात आतली चादर कोमट झाली, मग तिच्यावरची. आम्ही बदलत होतो आणि त्या तापत होत्या. हे त्यांचे तळवे चोळत होते आणि एकच वाक्य म्हणत होते, "ऊठ रे. ऊठ रे राजा." राजा म्हणून त्यांनी धाकट्याला कधी हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

मी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडे एक बाई होती, आवाज शांत, घाई नाही पण थांबणंही नाही. श्वास चालू आहे का? आहे. कुठे काम करत होते? किती वेळ? बोलतायत ते नीट कळतंय का? मी म्हटलं, नाही, आणि दुपारपासून फार चांगले वागत होते. ती म्हणाली, "चादरी काढा. गुंडाळल्याने ऊब आतच राहते. तुमच्याकडे गार पाण्याचा टब, टाकी, काही आहे का, ज्यात माणूस मानेपर्यंत बसेल?"

मी हौदाकडे बघितलं.

"आहे," मी म्हटलं.

"मग आत्ता आत घाला. गाडी निघाली आहे, पण गाडीची वाट बघू नका. डोकं पाण्याच्या वर, कुणीतरी मागून धरून ठेवा. पाणी सारखं हलवत राहा. बर्फ मिळत असेल तर टाका. आमची माणसं येऊन सांगेपर्यंत बाहेर काढू नका."

फोन मोठ्या आवाजावर होता, सगळ्यांनी ऐकलं. धुणाऱ्यांनी भावजींच्या अंगावरच्या चादरी ओढून काढल्या. पण हे आडवे आले. भावाच्या पायांना मिठी मारून बसले.

"नाही. तापलेल्या अंगावर गार पाणी नाही. तापलेली इस्त्री पाण्यात बुडवली तर काय होतं, माहितीय ना तुला? चर्रकन तडा जातो. हा तर माणूस आहे. काळीज बंद पडेल त्याचं."

मला आत कुठेतरी तेच वाटत होतं. लहानपणापासून सगळ्यांनी हेच सांगितलेलं, उन्हातून आल्या आल्या डोक्यावर पाणी घेऊ नये, बाधतं. पण माझ्या हाताखाली ते कपाळ होतं. भावजी पुटपुटायचेही थांबले होते.

"इस्त्री लोखंडाची असते," मी म्हटलं. "पाय सोडा."

"ती बाई तिकडे खुर्चीत बसून सांगतेय. भाऊ माझा आहे."

"भाऊ तुमचा," मी म्हटलं, "आणि हौद माझा. सोडा म्हणते ना."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांना असं कधी बोलले नव्हते. त्यांनी पाय सोडले. एक मोठी चादर खाली घालून आम्ही चौघांनी चार टोकं धरली आणि भावजींना उचललं. हौदाच्या काठावर एक क्षण अडलो, कारण धुणारे दोघेही माझ्या तोंडाकडे बघायला लागले. सवय. मी म्हटलं, "आता काय मुहूर्त काढायचाय?" आणि नेसल्या कपड्यांनिशी आधी मीच हौदात उतरले.

पाणी इतकं गार होतं की माझा श्वास अडकला. त्यांनी भावजींना माझ्या पुढ्यात खाली सोडलं. दुसरी चादर त्यांच्या काखांखालून घेऊन टोकं मी वर ओढून धरली, त्यामुळे ते खाली घसरत नव्हते, आणि मान माझ्या खांद्यावर. अंगातून ऊब पाण्यात जात होती ती मला पोटाशी कळत होती. धुणारे दोघे दोन्ही बाजूंनी हातांनी पाणी ढवळत होते, चादरी खळबळतात तसं, आणि त्यांना ते काम शिकवावं लागलं नाही. यांना मी शेजारच्या मासळीवाल्याकडे पिटाळलं. एक तर बर्फ हवा होता आणि दुसरं म्हणजे यांचं तोंड मला बघवत नव्हतं. परत आले ते मासळीवाल्यासकट, दोघांच्या डोक्यावर बर्फाच्या पेट्या. बर्फात एक-दोन बारीक मासळ्याही होत्या. हौदात ओतल्या सगळ्या.

आणि मग काही करण्यासारखं उरलं नाही. धरून ठेवायचं आणि ढवळायचं.

हे सगळ्यात कठीण होतं. भावजींचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, कान माझ्या तोंडाशी. मी त्यांच्याशी बोलायला लागले. सरळ, रेडिओशिवाय. मी म्हटलं, भावजी, परत या. तुमच्या बायकोला, धाकटीला काय सांगू मी? अबोला धरायचा तर धरा, जन्मभर धरा, छताकडे बघून बोला, माझ्या चादरींना नावं ठेवा, मी एका शब्दाने काही म्हणणार नाही. फक्त जसे होता तसे परत या. मला ते गोड बोलणारे नकोत. मला आपले ते नाकावर राग घेऊन फिरणारेच द्या. हे शेवटचं मी भावजींना म्हणत नव्हते, ज्याला कुणाला ऐकू जात असेल त्याला म्हणत होते.

थोड्या वेळाने त्यांचे दात वाजायला लागले. अंग थडथड उडायला लागलं, ते माझ्या अंगात उतरायला लागलं. हे पुन्हा काठाशी आले, "काढ त्याला. काकडतोय तो. आता तर काढ."

माझाही धीर सुटत चालला होता. फोन काठावर चालूच होता. मी विचारलं. बाई म्हणाली, "काकडू द्या. माझी माणसं वळणावर आहेत. धरून ठेवा, ताई." तिने ताई म्हटलं आणि माझे हात पुन्हा घट्ट झाले.

अँब्युलन्समधून एक उंच मुलगी उतरली आणि तिच्यामागे चालक, हातात स्ट्रेचर. मला वाटलं, आता उचलतील आणि पळतील. मुलीने हौद पाहिला, मला पाहिलं, बर्फ पाहिला आणि चालकाला म्हणाली, "राहू दे, आत्ता नको." मग आमच्याकडे वळून, "आधी गार करायचं, मग न्यायचं." मुलीने ताप मोजायची वायर काढली. ती कुठे लावली ते मी सांगत नाही, भावजींना कळलं तर ते सगळ्या जगाशीच अबोला धरतील. तिने आकडा बघितला, मान हलवली आणि स्वतःही पाणी ढवळायला लागली. आम्ही सगळे हौदाभोवती, मध्ये भावजी. पुन्हा आकडा, पुन्हा ढवळणं. मग एकदाची ती म्हणाली, "बस. आता काढा."

बाहेर काढताना भावजींनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, वर छताकडे बघितलं. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"कसला घाणेरडा वास येतोय," ते म्हणाले.

मी हौदाच्या काठाला टेकून खाली बसले आणि रडले. अगदी पोटभर. हे माझ्या डोक्यावर कोरडी चादर टाकून शेजारी बसले, मग त्यांनाही रडू आलं, आणि मासळीवाला बिचारा आपल्या मासळीचं काय चुकलं ते कळेना म्हणून तिथेच उभा राहिला.

इस्पितळात धाकटी जाऊ ऑफिसातून तशीच धावत आली होती. डॉक्टरांनी आम्हाला तिघांनाही आत बोलावलं. त्यांना भावजींचं डोकं ठिकाणावर आहे का ते बघायचं होतं. इतका ताप मेंदूला लागतो, ते म्हणाले, कधी माणूस वाचतो पण पहिल्यासारखा राहत नाही. धाकटीने माझा हात धरला. तिचा हात बर्फापेक्षा गार होता.

डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? भावजींनी सांगितला. काम काय करता? सांगितलं, वर इस्पितळाच्या चादरी तुमच्याच, हेही सांगितलं. या कोण? "बायको." हे? "दादा." मग माझ्याकडे बोट करून, "आणि या?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड वळवलं आणि म्हणाले, "त्या बाजूच्या."

डॉक्टर चिंतेत पडले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मी म्हटलं, "लिहू नका. ते बरे झाले. अगदी पहिल्यासारखे आहेत." आणि जीव भांड्यात पडला तो असा पडला की मला तिथेच हसू आवरेना. धाकटीही हसायला लागली, डोळे गळत असताना. मी मागितलं होतं तेच मला मिळालं होतं.

त्या दिवसाचं भावजींना काहीच आठवत नव्हतं. सकाळी रोलर सुरू केला, आणि नंतर मासळीचा वास. मधलं कोरं. खिडकीतलं ते बोलणं मी त्यांना सांगितलं नाही, यांनाही सांगू दिलं नाही. ते बोलणं चाळिशीच्या भावजींचं नव्हतंच, शाळेतून आलेल्या एका पोराचं होतं. ते त्यांच्या नावावर टाकून समेट उकळायचा हे मला बरं दिसेना. रेडिओ मात्र अजून हळहळते. जन्मभर इकडच्या बातम्या तिकडे पोचवल्या आणि घरातली एवढी मोठी बातमी तिला लोकांकडून कळली.

भावजी कामावर आले ते पुष्कळ दिवसांनी, तेही बसून घड्या घालण्यापुरते. तोवर पंखा नवा बसला होता. मी पलीकडच्या खोलीत प्यायच्या पाण्याचं एक पिंप ठेवून घेतलं होतं, दाराशेजारीच, आणि रेडिओला सांगून ठेवलं होतं की बोलणं वाटेल तेवढं पोचव, पाणी मात्र आता पोचवायचं नाही. पिंपाकडे बघून भावजी छताला म्हणाले, "हे कुणी ठेवलं?" मी नळाला म्हटलं, "सांगा कुणीतरी त्या बाजूला, प्यायला ठेवलंय, बघायला नाही."

त्याच दिवसापासून मी एक केलं. जेवायच्या सुट्टीत खिडकीची झडप थोडी वर करून एक डबा आत सरकवायचा. काही न बोलता. पहिल्या दिवशी डबा तसाच परत आला. दुसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, मीही याच घरातली आहे. तिसऱ्यांदाही ठेवला, पुढेही ठेवत राहिले. मग एक दिवस डबा हलका परत आला.

परवाची गोष्ट. जेवायची सुट्टी होती. हे माल पोचवायला गेलेले, धुणारे दोघे बाहेर सावलीत आडवे झालेले, रेडिओ तिच्या बहिणीकडे. यंत्रं बंद होती, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. चमचा. मी हौद घासून नवीन पाणी सोडत होते, तो मी आता रोज घासते, तरी भावजींच्या मते वास गेलेला नाही. नळ बंद केला आणि उभी राहिले.

झडप हळूच वर गेली, हातभर. भावजींचं तोंड दिसत नव्हतं, नुसता हात आणि हातात रिकामा डबा.

"सांगा कुणीतरी त्या बाजूला," भावजी म्हणाले, "आज मीठ कमी होतं."

मी त्यांच्या खोलीत डोकावून बघितलं, मग माझ्या खोलीत वळून बघितलं. सांगायला दोन्हीकडे तिसरं कुणी नव्हतं.

"सांगते," मी म्हटलं, आणि डबा घेतला.